मोठे मांसाहारी डायनोसॉर एकमेकांचे कोण लागतात?

प्रश्न – कुतूहल

मुलांच्या विज्ञान मंडळासाठी मी एक भित्तिपत्र तयार करीत आहे आणि त्यात मोठ्या मांसाहारी डायनोसॉरांचा वंशवृक्ष काढायचा आहे. माझ्या संग्रही असलेल्या एका जुन्या सचित्र पुस्तकातील मांडणी अगदी सुटसुटीत आहे. दोन पायांवर चालणारे मांसाहारी डायनोसॉर ते थेरोपॉड. त्यांतले धिप्पाड, मोठ्या डोक्याचे ते 'कार्नोसॉर' आणि लहान, सडपातळ, चपळ ते 'सीलुरोसॉर'. या हिशेबाने मेगालोसॉरस, अ‍ॅलोसॉरस, सेराटोसॉरस आणि टायरानोसॉरस हे चौघे एकाच पानावर, एकाच घरातले म्हणून शेजारी शेजारी उभे आहेत.

अलीकडच्या लेखनात मात्र टायरानोसॉरस सीलुरोसॉरांच्या फांदीवर दिसतो, आणि तो अ‍ॅलोसॉरसपेक्षा चिमणीला अधिक जवळचा आहे असे स्पष्ट म्हटलेले असते. हे वाक्य मी तीन वेळा वाचले. दोघांचा आकार प्रचंड, दोघांचे जबडे करवती दातांचे, दोघे दोन पायांवर चालणारे. असे असताना त्यांचे नाते दूरचे आहे हे नेमके कशावरून ठरले? शिवाय पाठीवर शीड असलेला स्पायनोसॉरस आणि शिंगे असलेला कार्नोटॉरस यांना कोणत्या फांदीवर बसवावे? चुकीचे चित्र मुलांच्या डोक्यात एकदा बसले की ते निघता निघत नाही, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

प्रतिसाद १ – अश्मरेखा

आपल्या पुस्तकातील मांडणी त्या काळी सर्वमान्य होती, त्यामुळे पुस्तकाला दोष देता येणार नाही. थेरोपोडा हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ मार्श यांनी १८८१ मध्ये दिले. पुढे जर्मनीचे फ्रीड्रिश फॉन ह्यूने यांनी १९१४ मध्ये सीलुरोसॉरिया आणि १९२० मध्ये कार्नोसॉरिया ही नावे आणली, आणि तेव्हापासून साठ-सत्तर वर्षे 'मोठा तो कार्नोसॉर, लहान तो सीलुरोसॉर' असा पायंडाच पडून गेला. वास्तविक मॅथ्यू आणि ब्राउन यांनी १९२२ मध्येच टायरानोसॉरसच्या कुळाचे नाते सीलुरोसॉरांशी असावे असे सुचवले होते आणि खुद्द ह्यूने यांचेही मत पुढे त्याच बाजूला झुकले होते. पण बारा मीटर लांबीच्या प्राण्याला सडपातळ, लहानखुऱ्या प्राण्यांच्या पंगतीत बसवणे बहुतेकांच्या पचनी पडले नाही.

केवळ आकारावर विसंबल्याने किती गोंधळ होतो हे पाहायचे असेल तर मेगालोसॉरस या नावाचा इतिहास पाहावा. विल्यम बकलंड यांनी १८२४ मध्ये इंग्लंडमधील अवशेषांना हे नाव दिले. 'डायनोसॉर' हा शब्दच तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये घडवला. त्यानंतर जगात कुठेही मोठ्या मांसाहारी प्राण्याचा दात किंवा हाड सापडले की ते मेगालोसॉरसच्या खात्यावर टाकले जाऊ लागले. मादागास्करचे दात १८९६ मध्ये मेगालोसॉरस ठरले. तो प्राणी आज माजुंगासॉरस म्हणून ओळखला जातो. इंग्लंडमधील एक लहानशी कवटी १९१० मध्ये मेगालोसॉरस ठरली. ती आज प्रोसेराटोसॉरस आहे. उत्तर आफ्रिकेतील दात १९२५ मध्ये मेगालोसॉरस ठरले. तो आजचा कार्कारोडोंटोसॉरस. अमेरिकेतील एक सांगाडा १९५४ मध्ये मेगालोसॉरस ठरला; तो आजचा डायलोफोसॉरस. हे चार प्राणी आजच्या वंशवृक्षावर चार वेगवेगळ्या फांद्यांवर आहेत, आणि त्यांतला एकही खऱ्या मेगालोसॉरसच्या कुळातला नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. सारखेपणा असला म्हणजे नाते असतेच असे नाही, कारण सारखेपणा तीन प्रकारचा असतो. पहिला प्रकार जुन्या वारशाचा. करवती दात आणि दोन पायांवरची चाल थेरोपॉडांच्या अगदी आरंभीच्या पूर्वजांकडेच होती, त्यामुळे ती अ‍ॅलोसॉरस आणि टायरानोसॉरस या दोघांकडे असण्याने त्यांच्या जवळिकीबद्दल काहीच कळत नाही. दोन माणसांना दोन-दोन डोळे आहेत एवढ्यावरून ती भावंडे ठरत नाहीत. दुसरा प्रकार स्वतंत्रपणे कमावलेल्या सारखेपणाचा, आणि प्रचंड आकार यातच मोडतो. नाते ठरवण्यासाठी उपयोगी पडतो तो फक्त तिसरा प्रकार, म्हणजे एखाद्या विशिष्ट पूर्वजापाशी नव्याने उद्भवलेले आणि केवळ त्याच्याच वंशजांत उतरलेले लक्षण. अशी अनेक लक्षणे एकत्र मांडून कमीत कमी बदल गृहीत धरणारा वंशवृक्ष शोधण्याच्या पद्धतीला क्लॅडिस्टिक्स म्हणतात. थेरोपॉडांवर ती पद्धत नेटाने वापरली जॅक गोथिए यांनी १९८६ मध्ये. सीलुरोसॉर म्हणजे लहान प्राणी ही व्याख्या बाजूला सारून त्यांनी ती नात्यावर बेतली, आणि तेव्हापासून अ‍ॅलोसॉरसच्या बाजूपेक्षा पक्ष्यांना (पक्षीही थेरोपॉडांचेच वंशज) जवळचे असतील ते सर्व सीलुरोसॉर मानले जाऊ लागले. टायरानोसॉरसला मात्र त्यांनीही कार्नोसॉरांतच ठेवले होते. तो पक्का हलला १९९० च्या दशकात, आणि त्यात थॉमस होल्ट्झ यांच्या १९९४ मधील विश्लेषणाचा मोठा वाटा होता. होल्ट्झ यांचा मुख्य आधार होता पायाचे एक हाड.

प्रतिसाद २ – पाऊलठसा

त्या हाडाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ते मी प्रतिकृतीच्या रूपात अगदी जवळून पाहिले आहे आणि तेव्हापासून माझ्या मनातून गेलेले नाही. थेरोपॉड आपल्यासारखे पूर्ण तळवा टेकवून चालत नसत. ते बोटांवर चालत आणि घोटा जमिनीपासून उंच राही. घोटा आणि बोटे यांच्यामध्ये तीन लांब हाडे उभी असतात. अ‍ॅलोसॉरसमध्ये ही तिन्ही हाडे वरपासून खालपर्यंत शेजारी शेजारी, आपापली जाडी राखून असतात. टायरानोसॉरसमध्ये मधले हाड खाली रुंद असते, पण वर चढता चढता पाचरीसारखे निमुळते होत जाते आणि घोट्याजवळ दोन्ही बाजूंच्या हाडांमध्ये इतके दबले जाते की समोरून पाहताना तिथे दोनच हाडे आहेत असे वाटावे. तिन्ही हाडे मिळून एक घट्ट जुडगा होतो, आणि धावताना बसणारा हादरा त्यामुळे नीट वाटला जात असावा. हीच रचना शहामृगासारख्या दिसणाऱ्या ऑर्निथोमायमसमध्ये आणि पक्ष्यांच्या निकटच्या ट्रूडॉनच्या कुळातही आहे.

येथे अश्मरेखा यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडणे आवश्यक वाटते. या पायावरून होल्ट्झ यांनी या सर्वांचा एक स्वतंत्र गट केला होता. तो गट पुढे टिकला नाही. टायरानोसॉरांच्या आरंभीच्या जातींमध्ये मधले हाड असे दबलेले नाही हे दिसून आले, तेव्हा ही रचना निरनिराळ्या कुळांत स्वतंत्रपणे घडली असे मानावे लागले. म्हणजे ज्या हाडाने टायरानोसॉरसला योग्य फांदी दाखवली, ते हाडही दुसऱ्या प्रकारच्या सारखेपणाचेच निघाले. तरीही निष्कर्ष उभा राहिला, कारण तो एकट्या त्या हाडावर अवलंबून नव्हता. कवटी, कंबर आणि पाय यांतील इतर अनेक लक्षणे त्याच दिशेला बोट दाखवत होती.

निष्कर्षाला खरे बळ दिले ते चीनमधील जीवाश्मांनी. २००४ मध्ये डिलाँगचे वर्णन प्रसिद्ध झाले. हा टायरानोसॉरसचा प्राचीन नातलग जेमतेम दोन मीटर लांब होता आणि त्याच्या अंगावर तंतूंसारख्या साध्या पिसांचे ठसे होते. २००६ मध्ये ग्वानलाँग आला. तो सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा, तीन मीटर लांबीचा, डोक्यावर पातळ हाडाचा तुरा असलेला आणि हाताला तीन बोटे असलेला प्राणी होता. २०१२ मधील युटिरॅनस तर सुमारे नऊ मीटर लांबीचा होता आणि तरीही पिसांचा. ग्वानलाँगला टायरानोसॉर म्हणण्याचे कारण शोधायचे असेल तर त्याच्या तोंडाच्या अगदी पुढचे दात पाहावेत. अ‍ॅलोसॉरसच्या कुळात जबड्यातील दात सुरीच्या पात्यासारखे असतात. टायरानोसॉरांमध्ये वरच्या जबड्याच्या टोकाचे दात आडवे कापले तर त्यांचा छेद इंग्रजी डी अक्षरासारखा दिसतो, म्हणजे मागची बाजू सपाट आणि पुढची गोलाकार. नाकावरची दोन हाडेही त्यांच्यात सांधली जाऊन एकसंध झालेली असतात. ही लक्षणे तीन मीटरच्या प्राण्यातही आहेत आणि बारा मीटरच्या प्राण्यातही.

आधी उल्लेख आलेला प्रोसेराटोसॉरस याच दृष्टीने मला फार महत्त्वाचा वाटतो. नाकावर उंचवट्याची खूण असल्यामुळे त्याला सेराटोसॉरसचा पूर्वज समजून तसे नाव दिले गेले. २०१० मध्ये त्या कवटीचा नव्याने अभ्यास झाला तेव्हा तो ग्वानलाँगचा भाऊबंद, म्हणजे टायरानोसॉरांच्या सर्वांत जुन्या ज्ञात प्रतिनिधींपैकी एक असल्याचे स्पष्ट झाले. नाव मात्र नियमानुसार तेच राहिले. भित्तिपत्रात तो घेणार असाल तर नावावरून मुलांची दिशाभूल होऊ नये म्हणून तेथे एक ओळ अवश्य लिहावी.

प्रतिसाद ३ – दक्षिणदिशा

कार्नोटॉरसविषयी अद्याप कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. तो अ‍ॅबेलिसॉरिडी या कुळातला असून त्याची फांदी सेराटोसॉरसच्या बाजूची आहे. तीन बोटांचे हात आणि मागील भागात ताठ झालेली शेपटी यांमुळे 'टेटान्युरी' म्हणून ओळखला जाणारा जो मोठा गट आहे, ज्यात मेगालोसॉरस, स्पायनोसॉरस, अ‍ॅलोसॉरस, टायरानोसॉरस आणि पक्षी हे सगळे येतात, त्या गटाच्या बाहेर ही फांदी आहे. कार्नोटॉरसच्या हाताला चार बोटे आहेत हे त्याचेच एक चिन्ह. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर अ‍ॅलोसॉरस, टायरानोसॉरस आणि चिमणी हे तिघे एकमेकांना जितके जवळ आहेत, त्याहून कार्नोटॉरस त्या तिघांनाही दूरचा आहे.

हे कुळ ओळखायला फार उशीर झाला. होजे बोनापार्ते आणि फर्नांडो नोवास यांनी १९८५ मध्ये अर्जेंटिनातील अ‍ॅबेलिसॉरसच्या आधारे ते स्थापन केले आणि त्याच वर्षी बोनापार्ते यांनी कार्नोटॉरसचेही वर्णन केले. वास्तविक या कुळाचे अवशेष त्याआधी अनेक दशके हाताशी होते. जबलपूरजवळ मिळालेल्या हाडांवरून ह्यूने आणि मॅटली यांनी १९३३ मध्ये इंडोसुकस आणि इंडोसॉरस ही नावे दिली होती. परंतु ज्या चौकटीत हे कुळच नव्हते त्या चौकटीत त्यांना कधी अ‍ॅलोसॉरसच्या तर कधी टायरानोसॉरसच्या गोतावळ्यात ढकलले गेले. गुजरातमधील रहिओली येथील राजासॉरस २००३ मध्ये प्रसिद्ध झाला तोवर चौकट तयार होती, त्यामुळे कपाळावर बुटके शिंग असलेल्या या प्राण्याचे कूळ ठरवण्यात अडचण आली नाही.

सर्वांत बोलके उदाहरण मादागास्करच्या माजुंगासॉरसचे आहे. त्याच्या कवटीच्या माथ्यावर एक जाड, घुमटासारखा उंचवटा असतो. १९७९ मध्ये फक्त तेवढाच तुकडा हाती असताना तो जाड माथ्याच्या, शाकाहारी पॅकिसेफॅलोसॉर गटातील डायनोसॉरचा समजला गेला आणि त्याला माजुंगाथोलस असे नावही मिळाले. १९९८ मध्ये जवळजवळ पूर्ण कवटी प्रसिद्ध झाली तेव्हा तो घुमट एका मोठ्या मांसाहारी प्राण्याच्या माथ्यावरचा होता हे दिसले. मला या प्रसंगात वैज्ञानिकांची चूक दिसत नाही. एका तुकड्यावरून जे म्हणता येत होते ते त्यांनी म्हटले, आणि अधिक पुरावा येताच ते बदलले.

दक्षिण अमेरिका, मादागास्कर आणि भारत यांच्या क्रिटेशियस काळाच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या युगातील शेवटच्या टप्प्याच्या, अखेरच्या खडकांत हे कुळ सापडते, आणि ते सारे भूभाग पूर्वी गोंडवन या एकाच महाखंडाचे भाग होते. टायरानोसॉरसचे मोठे नातलग त्याच सुमारास उत्तर अमेरिका आणि आशिया येथे होते. त्यामुळे वंशवृक्षाच्या शेजारी त्या काळच्या जगाचा एक नकाशा काढल्यास मुलांना पुष्कळ काही आपोआप समजेल.

कुतूहल

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. एक शंका मात्र अजून राहिली आहे. कार्नोटॉरसचे हात तोकडे आहेत आणि टायरानोसॉरसचेही. इतके विचित्र आणि ठळक लक्षण दोघांत असताना ते नात्याचे चिन्ह का मानू नये? पुस्तकातील चित्रे शेजारी ठेवून पाहिली तर हा सारखेपणा डोळ्यांत भरतो.

प्रतिसाद ४ – पाऊलठसा

दुरून पाहताना तो भरतो. जवळून पाहिल्यास तो विरतो. टायरानोसॉरसचा हात लहान असला तरी बांधा मजबूत आहे, कोपरापुढची हाडे नेहमीच्या घडणीची आहेत आणि पूर्ण वाढलेली बोटे दोनच आहेत. कार्नोटॉरसमध्ये दंडाचे हाड त्या मानाने लांब राहिले आहे, पण कोपरापुढचा भाग इतका आखूड झाला आहे की चार आखूड बोटे जणू कोपरालाच चिकटली आहेत असे वाटते. म्हणजे हात लहान दोघांचेही झाले, पण एकाने एका ठिकाणी कापले आणि दुसऱ्याने दुसऱ्या ठिकाणी. सामाईक पूर्वजाकडून आलेले लक्षण असते तर त्याची घडण आतूनही सारखी असती. शिवाय दोघांच्या फांद्यांवरील जुन्या सदस्यांचे हात लांब आहेत, आणि ग्वानलाँगच्या हाताला तीन बोटे होती हे आपण पाहिलेच.

२०२२ मध्ये या दोघांना तिसरा सोबती मिळाला. अर्जेंटिनातील मेराक्सेस हा कार्कारोडोंटोसॉरिडी कुळातला, म्हणजे अ‍ॅलोसॉरसच्या बाजूचा, जिगानोटोसॉरसचा भाऊबंद. त्याचे हातही असेच आखूड निघाले, आणि तो टायरानोसॉरसच्या दोन कोटींहून अधिक वर्षे आधी होऊन गेला. तीन स्वतंत्र फांद्यांवर डोके मोठे होत गेले आणि हात आखडत गेले. शिकार पकडण्याचे काम जबड्याने आपल्याकडे घेतल्यावर हातांवरचा भार कमी झाला असावा, असा तर्क यावरून केला जातो, आणि मला तो पटतो.

प्रतिसाद ५ – अश्मरेखा

स्पायनोसॉरसबद्दल लिहायचे राहिले होते. एर्न्स्ट श्ट्रोमर यांनी इजिप्तमधील अवशेषांवरून १९१५ मध्ये त्याचे वर्णन केले. ते मूळ अवशेष १९४४ मध्ये म्युनिकवरील बाँबहल्ल्यात नष्ट झाले, आणि त्यानंतर अनेक दशके या विलक्षण प्राण्याचे नाते रेखाचित्रे, वर्णने आणि तुरळक तुकडे यांवरूनच ताडावे लागले. कोंडी फोडली ती इंग्लंडमध्ये १९८३ मध्ये सापडलेल्या आणि १९८६ मध्ये नाव मिळालेल्या बॅरिओनिक्सने. मगरीसारखे लांबट तोंड, अंगठ्याला सुमारे तीस सेंटीमीटरची नखी, आणि पोटाच्या जागी माशांचे खवले, अशा त्याच्या सांगाड्याने स्पायनोसॉरसच्या कुळाला चेहरा दिला. या कुळाला सामान्यतः मेगालोसॉरसच्या कुळाशेजारी बसवले जाते. दोन्ही कुळांत लांब, बुटका चेहरा आणि हाताच्या अंगठ्याची भक्कम नखी आहे.

आपण वंशवृक्ष काढणार आहात म्हणून कोठे हात राखून रेघ मारावी हेही सांगतो. मेगालोसॉरसची फांदी आणि अ‍ॅलोसॉरसची फांदी टेटान्युरींच्या खोडावरून एकामागून एक फुटल्या, असा दीर्घकाळचा समज होता. २०१९ मध्ये अर्जेंटिनातील अस्फाल्टोव्हेनेटर या मध्य ज्युरासिक (क्रिटेशियसच्या आधीच्या) काळातील प्राण्याचे वर्णन आले. त्याच्यात दोन्ही कुळांच्या लक्षणांची सरमिसळ होती, आणि त्या विश्लेषणात दोन्ही फांद्या एकत्र येऊन पक्ष्यांच्या बाजूपासून वेगळा असा एक गट तयार झाला. त्या गटाला पुन्हा कार्नोसॉरिया म्हणतात. आपल्या पुस्तकातील शब्द असा परत आला आहे, पण त्यात आता टायरानोसॉरसही नाही आणि सेराटोसॉरसही नाही. ही एकजूट सर्वांनी मान्य केलेली नाही.

त्याहून अवघड जागा मेगारॅप्टरची आहे. १९९८ मध्ये नोवास यांनी त्याचे वर्णन केले तेव्हा तीस सेंटीमीटरहून मोठी नखी पायाची समजली गेली, आणि म्हणून तो पायाला कोयत्यासारखी नखी असलेल्या, पक्ष्यांच्या निकटच्या प्राण्यांसारखा वाटला. पुढे पूर्ण हात सापडल्यावर ती नखी हाताची निघाली. त्यानंतर त्याचे कुळ काहींनी अ‍ॅलोसॉरसच्या बाजूला ठेवले, तर काहींनी टायरानोसॉरसच्या बाजूला. २०१४ मध्ये एका अल्पवयीन मेगारॅप्टरच्या कवटीचा काही भाग प्रसिद्ध झाला तेव्हा दुसऱ्या मताला बळ मिळाले. लांब, नखीदार हात असलेला हा प्राणी आखूड हाताच्या टायरानोसॉरसचा नातलग असू शकतो, हे आता आपल्याला वाटले असते तितके विचित्र वाटू नये.

म्हणून सुचवतो की सेराटोसॉरस व कार्नोटॉरसची फांदी सर्वांत खाली ठळक रेघेने काढावी, टायरानोसॉरस आणि पक्षी यांची सीलुरोसॉर फांदीही तितक्याच ठळक रेघेने काढावी, मेगालोसॉरस-स्पायनोसॉरसची फांदी अ‍ॅलोसॉरसच्या फांदीला जिथे मिळते तो सांधा तुटक रेघेने दाखवावा, आणि मेगारॅप्टरपासून दोन तुटक रेघा काढाव्यात, एक अ‍ॅलोसॉरसकडे जाणारी आणि एक टायरानोसॉरसकडे. मुले विचारतील की याला दोन रेघा का. तेव्हा त्यांना त्या नखीची हकिकत सांगता येईल.